मिरजेच्या टेबलावर बोट कुठून आली?

मिरजेत रेल्वे कधी बोटीवर चढली नाही. कृष्णेत नावा चालल्या, पुढे पूल झाले, पण वॅगन भरलेली बोट इथे कुणी पाहिलेली नाही. त्यामुळे आमच्या छोट्या रेल्वेचे, म्हणजे टेबलावर मांडलेल्या मॉडेल रेल्वेचे, रूळ टेबलाच्या कडेला थेट पाण्यात उतरतात आणि तिथे ६९ सेंटिमीटर लांबीची एक बोट तोंड उघडून उभी आहे, हे पाहिल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाडीला जलसमाधी द्यायचीय काय?" आमच्यात एक निवृत्त गार्ड आहेत. ते शांतपणे म्हणतात, "आधी पार्सल उतरवून घेऊ की."

प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर जागेच्या हिशोबापासून सुरू होतं. आमचं टेबल आठ फूट लांब. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, या आठ फुटांत खऱ्या जगातले जेमतेम २१२ मीटर बसतात. २४ डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या पुढे जाते. तेव्हा मिरज जंक्शन सोडाच, तिथला एक प्लॅटफॉर्मसुद्धा या टेबलावर मावत नाही. म्हणून छोटी रेल्वे मांडणारा प्रत्येक जण एक लबाडी करतो. गाडी बोगद्यात शिरते, पडद्यामागच्या लपवलेल्या रुळांवर उभी राहते आणि पाहणाऱ्याने ती कोल्हापूरला गेली असं धरून चालायचं. सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून विंगेत गेलेलं पात्र परगावी गेलं, हे आपण मान्य केलेलंच आहे. बोट म्हणजे हातात उचलून नेता येणारी विंग. भरलेली बोट काढायची, दुसरी लावायची, की पलीकडच्या तीरावरून नवीन माल आला.

ही युक्ती हौशी लोकांनी हवेतून काढलेली नाही. न्यूयॉर्क बंदरात अनेक रेल्वे कंपन्यांचे रूळ हडसनच्या अलीकडे न्यूजर्सीतच संपत. तिथून वॅगन सपाट बार्जवर चढवून टगबोटीने ओढत पलीकडे नेत. ब्रॉन्क्समध्ये तर एखाद्या चौकाएवढ्या जागेत अख्खं मालस्थानक असे आणि बाकीच्या रेल्वेशी त्याचा जमिनीवरून काही संबंध नसे. जो काही संबंध तो बार्जमधून. लहान खोलीत रेल्वे मांडणाऱ्यांना असं ठिकाण म्हणजे घबाडच. न्यूजर्सी ते ब्रुकलिन अशी वॅगनची बार्ज अजूनही चालते.

मूळ गोष्ट मात्र स्कॉटलंडची, आणि ती बोटीपेक्षा रॅम्पची जास्त आहे. एडिंबराच्या उत्तरेला फोर्थ नदीचं मुख समुद्रासारखं रुंद होतं. तिथे ग्रँटन आणि बर्नटायलंड या दोन धक्क्यांमध्ये १८५० पासून 'लेव्हायथन' नावाची वाफेची बोट मालाच्या वॅगन नेऊ लागली. वॅगनसाठीची ही पहिली नियमित बोट मानतात. बोटीचा आराखडा थॉमस ग्रेंजरचा, पण वॅगन चढवायची सोय थॉमस बाउचने केली. भरती-ओहोटीने पाणी वर-खाली होणार आणि धक्का तर जागचा हलणार नाही. मग बाउचने पाण्यात उतरता दगडी उतार बांधला, त्यावर रूळ टाकले आणि त्या रुळांवर चाकं लावलेला एक पूलच उभा केला. पाणी चढलं की पूल वर ओढायचा, उतरलं की खाली सोडायचा. त्याचं टोक डेकला टेकलं की वॅगन आत. प्रवाशांनी मात्र गाडीतून उतरून बोटीनेच पलीकडे जायचं आणि तिकडच्या गाडीत बसायचं. १८९० मध्ये फोर्थचा पूल झाला आणि वॅगन बोटीतून नेण्याचा हा खटाटोप थांबला.

हाच बाउच पुढे टे नदीवरच्या पुलाचा इंजिनिअर. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात तो पूल गाडीसकट कोसळला. आज त्याचं नाव निघतं ते त्या अपघातापुरतं, रॅम्पबद्दल कुणी बोलत नाही. मला हे जरा अन्यायाचं वाटतं, पण मी रॅम्प बांधतोय, पूल नाही, तेव्हा माझं मत पक्षपाती समजावं.

बाउचनंतर बोटी मोठ्या झाल्या, अडचण तीच राहिली. डेन्मार्कने १८७२ पासून आपल्या सामुद्रधुन्यांवर गाड्या बोटीतून नेल्या. सैबेरियातल्या बैकाल सरोवरावर रेल्वेसाठी बर्फ फोडणारी बोट लागली. ती इंग्लंडमध्ये तयार करून सुटे भाग करून नेली आणि काठावर पुन्हा जोडली. १९३६ मध्ये लंडन-पॅरिस झोपायचे डबे बोटीतून जाऊ लागले तेव्हा डोव्हरला इंजिनिअरांनी वेगळाच मार्ग काढला. रॅम्प किती हलवणार? त्यांनी गोदीलाच दरवाजे लावले. बोट आत आली की दरवाजे बंद, आणि पंपाने पाण्याची पातळी रुळांना जुळेल अशी करायची. रॅम्पचं काम पाण्याकडून करून घेतलं. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर आजही अख्खी प्रवासी गाडी तुकडे करून बोटीत भरतात.

आपल्याकडे 'बोट मेल' म्हटलं की बऱ्याच जणांना गाडीच बोटीत शिरायची असं वाटतं. तसं नव्हतं. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाल्यावर गाडी धनुष्कोडीपर्यंत जायची, तिथे माणसं उतरून आगबोटीने लंकेतल्या तलाईमन्नारला जायची. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गेलं आणि तो मार्गही गेला. वॅगन खरोखर पाण्यावर गेल्या त्या आसामात. गुवाहाटीजवळ पांडू आणि आमिनगाव या दोन घाटांमध्ये ब्रह्मपुत्रेवरून मीटरगेजच्या, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या मार्गावरच्या, वॅगन बार्जवर चढवून नेत, १९६२ मध्ये सराईघाटचा पूल होईपर्यंत. बिहारमध्ये गंगेवर मोकामेह घाटाचा पसारा त्याहून जुना. नरभक्षक वाघांमुळे आपल्याला माहीत असलेला जिम कॉर्बेट वीसेक वर्षं तिथे मालाची चढउतार करून घेणारा ठेकेदार होता. दक्षिण तीरावर ब्रॉडगेज, उत्तरेकडची सगळी मीटरगेज. मधली गंगा ओलांडायच्या आधी माल एका गेजच्या वॅगनमधून दुसरीत हमालांच्या डोक्यावरून जायचा. तिथला राजेंद्र सेतू १९५९ चा. त्याची जागा ठरवताना ज्यांचा सल्ला घेतला ते विश्वेश्वरय्या नव्वदी ओलांडलेले होते. पुणेकर त्यांना खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे ओळखतात.

या नद्यांवर दगडी उतार उपयोगाचा नव्हता. गंगा पावसाळ्यात कित्येक मीटर चढते, ओसरताना पात्र बदलते, आणि गेल्या वर्षीचा घाट यंदा वाळूत लांब राहतो. मग रूळ उचलून नवीन काठापर्यंत पुन्हा टाकायचे. घाटाचं स्टेशनच नदीमागे चालत असे म्हणा.

मोकामेहची गोष्ट मिरजेच्या माणसाला परकी वाटत नाही, कारण आमच्याकडे नदी आडवी आली नाही तरी गेज आडवं आलं. मीटरगेजवर १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा जोडला गेला, १९०७ मध्ये सांगलीचा. कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट १९२७ मध्ये मिरजेला टेकली, अडीच फुटी गेजची. १९७१ मध्ये पुण्याहून ब्रॉडगेज आली. काही वर्षं तिन्ही गेज एकाच जंक्शनवर नांदली. आमच्या गार्डसाहेबांचं उमेदीचं आयुष्य त्यात गेलं. ते म्हणतात, बोट ही मधल्या नदीची गोष्ट आहे, इथे प्लॅटफॉर्मच नदी होता.

एचओमध्ये हे तीन गेज मांडायचे तर आणखी एक गंमत होते. मूळ 'ओ' माप फुटाला सात मिलिमीटर होतं. त्याच्या निम्मं ते एचओ, फुटाला साडेतीन. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, कारण ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेलं. इंग्रजांची इंजिनं अंगाने लहान, त्यांत त्या काळच्या मोटारी बसेनात, म्हणून त्यांनी गाडी फुटाला चार मिलिमीटरने मोठी केली आणि रूळ तेच ठेवले. ती तडजोड 'ओओ' नावाने अजून चालू आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला एचओत १९ मिलिमीटरच्या वर अंतर हवं, तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, म्हणून आपणही १६.५ वरच चालवून घेतो. मीटरगेजला १२ आणि बार्शी लाइटला ९ मिलिमीटर मात्र जवळपास बरोब्बर बसतात. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा उंच मावळा उभा करत मोठे झालो आपण, एवढी तडजोड आपल्याला जड जाऊ नये.

तर आमची बोट मीटरगेजची आहे. ब्रह्मपुत्रेवरच्या बार्जच्या धर्तीची, पण कुठल्या एका बोटीची हुबेहूब नक्कल नाही. लांबी ६० मीटर धरली, ती भागिले ८७. डेकवर दोन मार्ग, प्रत्येकावर सात वॅगन. सांगाडा प्लायवूडचा, कठड्याच्या पट्ट्या मिरजेत सतारीसाठी कापलेल्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून निघाल्या. सतारीचं लाकूड पातळ कापलं तरी चिरत नाही, हे इथे राहण्याचं सुख. बोट तरंगत नाही, पाण्याच्या रेषेखालचा भाग केलेलाच नाही. तरीही वॅगन चढवताना आम्ही डावीकडे दोन, उजवीकडे दोन असाच क्रम पाळतो, कारण खऱ्या बोटीवर एकच बाजू भरली तर बोट कलते आणि रूळ रॅम्पपासून सुटतात. इंजिनही आत नेत नाही. रॅम्पवर त्याचं वजन नको म्हणून मध्ये रिकाम्या सपाट वॅगन लावून लांबूनच ढकलायचं.

पाण्याने मात्र आम्हाला रडवलं. टेबलावर नदी दिसावी म्हणून जुलैत पारदर्शक रेझिन ओतलं. सांगलीचा जुलै म्हणजे हवेतच पाणी. दुसऱ्या दिवशी नदी दुधासारखी पांढरी. ती तासून काढण्यात श्रावण गेला. नंतर लाकडावर गढूळ तपकिरी रंग आणि वर वॉर्निशचे सहा हात दिले. पावसाळ्यातली कृष्णा कुठे आरशासारखी असते?

मग प्रश्न उरला पातळीचा. सांगलीत कृष्णेची उंची विचारायची तर १९२९ च्या आयर्विन पुलापाशी: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले तर ४० फूट म्हणजे १४ सेंटिमीटर, ५७ म्हणजे जवळजवळ २०. या १४ आणि २० च्या मधल्या सहा सेंटिमीटरमध्ये त्या वर्षीचं अर्धं शहर होतं. टेबलावर ते अंतर पट्टीने दाखवलं की पाहुणे गप्प होतात. आमच्या रॅम्पला इतकं काही झेपत नाही. तो फक्त दोन सेंटिमीटर वर-खाली होतो, आणि तेवढ्यातही रुळांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर पहिलीच वॅगन घसरते.

बिजागरी कशी असावी हे चित्रांवरून कळेना. शेवटी तापोळ्याला गेलो. शिवसागर जलाशयावर तिथे तराफ्यावर गाड्या चढवून पलीकडच्या गावांना नेतात. कोयना धरणाचं पाणीही वर्षभरात बरंच खाली उतरतं, त्यामुळे तिथला लोखंडी रॅम्प म्हणजे बाउचच्या प्रश्नाचं साताऱ्यातलं उत्तरच. मी टेप घेऊन बिजागरीची जाडी मोजत होतो. तराफ्यावरच्या माणसाने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पीडब्ल्यूडीचे का?"

"नाही हो. घरी एक लहान बोट करतोय."

तो काही बोलला नाही. चप्पल काढून रॅम्पच्या पाण्यातल्या टोकाशी गेला आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला.