चाळीस टक्के आले कुठून? दिव्यांग बोर्डाच्या तपासणीची पार्श्वभूमी

जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाचे टक्के ठरवून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, दिवशी (बऱ्याच जिल्ह्यांत हा दिवस बुधवार असतो) केसपेपरच्या खिडकीपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं एका आकड्यावर येऊन थांबतं. तपासून बाहेर आलेल्याला रांगेतले लोक आजार विचारत नाहीत, 'किती टक्के बसले?' एवढंच विचारतात. ४० बसले तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज पुढे सरकतो, एसटीची सवलत मिळते, नोकरीच्या जाहिरातीतली राखीव जागा आपली वाटते. ३८ बसले तर यातलं काहीच नाही. निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झालं, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे त्या दोन टक्क्यांची किंमत आता आणखी वाढली आहे.

शरीराच्या नुकसानीला टक्के लावण्याची सवय इंग्रजांच्या काळातली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्याच्या आजच्या रूपात अवयवागणिक आकडे दिलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची चार बोटं गेली तर ५०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. कामगाराची कमाईची ताकद किती घटली आणि मालकानं किती पैसे द्यायचे, एवढाच त्यातला प्रश्न. मात्र या परिशिष्टात खालची मर्यादा नाही, आणि पुढचा सगळा वाद समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागतं. बोटाचं टोक तुटलं तरी दोन ते पाच टक्के धरतात आणि तेवढे पैसे देतात. नुकसान थोडं तर भरपाई थोडी. टक्के कमी म्हणून कुणी रिकाम्या हाती परत जात नाही.

सवलतींच्या जगात आल्यावर या टक्क्यांचं काम बदललं. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्या वर्षी दिल्लीत झालेल्या तज्ज्ञांच्या चर्चासत्रातून डॉक्टरांसाठी मोजमापाची पद्धत आकाराला आली. ६ ऑगस्ट १९८६ ला केंद्रानं देशभरासाठी एकसारख्या व्याख्या काढल्या आणि त्यांत चाळीसच्या आत सौम्य, चाळीसपासून मध्यम, पंचाहत्तरपासून तीव्र अशी उतरंड लावली. मग १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. त्यात सात प्रकार होते, सरकारी नोकरीत तीन टक्के जागा होत्या आणि अपंग व्यक्तीची व्याख्या होती: वैद्यकीय प्राधिकाऱ्यानं किमान ४० टक्के अपंगत्व असल्याचं प्रमाणित केलेली व्यक्ती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय या एका ओळीत आहे, आणि त्यावर चर्चा सर्वांत कमी झाली. भरपाईच्या कायद्यात टक्के वाढतील तशी रक्कम वाढते. इथे मात्र एका आकड्याच्या वर हक्कदार आणि खाली कुणीच नाही. ३५ टक्के असलेली व्यक्ती कायद्याच्या नजरेत कमी अपंग नव्हती, ती अपंगच नव्हती. चाळीसच का, तीस किंवा पन्नास का नाही, याचं कारण कायद्यात कुठेही दिलेलं नाही.

याचा सर्वांत थेट फटका एका डोळ्यानं दिसणाऱ्यांना बसला. दुसरा डोळा चांगला असेल तर बोर्डाच्या तक्त्यात त्यांना ३० टक्के मिळतात. २००१ मध्ये ३० होते, २०१८ मध्ये तक्ता नवा झाला तरी ३० च राहिले. कारखान्यात डोळा गमावलेल्या कामगाराला नुकसानभरपाईच्या परिशिष्टात ४० मिळतात आणि बोर्डासमोर तोच डोळा तिसावर येतो. ज्याला मशिनवर अंतराचा अंदाज येत नाही, ज्याला त्या बाजूनं येणारी गाडी दिसत नाही, त्याला दाखला मिळतो, पण त्या दाखल्याचा उपयोग जवळपास कुठेच होत नाही. अंगठा गमावलेल्या प्रेस-ऑपरेटरचंही तेच. अंगठ्याचे ३०, बाकी हात ठीक.

मोजायचं कसं, हे १ जून २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सविस्तर आलं. आज बोर्डावर जे दिसतं त्यातलं बरंच काही तिथलं आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

पायाची तपासणी दोन भागांत होते. पहिला भाग हालचालीचा: सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे. दुसरा भाग तोल सांभाळण्याचा. त्यात नऊ कृती आहेत आणि प्रत्येकीला दहा टक्के. सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. 'मावशी, खाली बसून दाखवा बघू' असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं या यादीत आहे, याचं मोल मोठं आहे. जेवण, शौच, शेतातली निंदणी, पूजा, सगळं जमिनीलगत करणाऱ्या समाजात खाली बसता न येणं ही रोजची अडचण आहे, आणि ती मोजणाऱ्यांनी या देशाचं जगणं पाहिलेलं होतं.

पुढे बेरीज येते, आणि ती साधी नसते. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरला तर एकूण येतं: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. हालचालीचे ३० आणि तोलाचे २० असतील तर ५० होत नाहीत, ४३.३३ होतात. यामागचा विचार समजण्यासारखा आहे: एक भाग आधीच कमी झाल्यावर दुसरा भाग उरलेल्यातूनच वजा करायचा. पण ही बेरीज चाळीसच्या जवळ कशी वागते ते पाहा. ३० आणि १५ घेतले तर बरोबर ४० येतात. ३० आणि १४ घेतले तर ३९.३३. म्हणजे एखाद्या कृतीला पाच द्यायचे की चार, किंवा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) गुडघ्यावर नेमका कुठे धरला, यावर एका घराला महिन्याचे पैसे मिळणार की नाही हे ठरतं. डॉक्टर प्रामाणिक असले तरी सांध्याच्या कोनाचं माप दोन हातांत दोन-चार अंशांनी बदलू शकतं. मापात एवढी सैल जागा असताना दाराची रेघ इतकी काटेकोर ठेवणं न्याय्य नाही.

मानसिक आजारासाठी २००२ मध्ये वेगळी मोजपट्टी आली. चार बाबी: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. त्यात आजार किती वर्षं आहे याचे एक ते चार मिळवायचे. वीसपैकी सात झाले की ४० टक्के. इथे यंत्र नाही, तपासणी म्हणजे प्रश्नोत्तरंच. सोबत आलेल्या आईला किंवा भावाला विचारतात: आंघोळ सांगावी लागते का, घरात कुणाशी बोलतो का, कामाला किती दिवस गेला? ही मोजपट्टी माणसाच्या दिवसाकडे पाहते, हा तिचा मोठा गुण. पण उत्तरं देणारं माणूस लाजलं की गुण कमी होतात. पाहुण्यांसमोर मुलाचं चांगलंच सांगायची सवय असलेली आई डॉक्टरांनाही 'करतो हो सगळं, थोडं सांगावं लागतं' असं सांगते. त्या 'थोडं सांगावं लागतं' मागे सकाळचे दोन तास असतात, ते कागदावर येत नाहीत. बोर्डाला जाण्याआधी घरच्यांनी रोजची खरी अडचण खुलेपणानं सांगायची तयारी करावी. त्यात खोटं काही नाही, उलट मोजपट्टी तीच माहिती मागते.

१९९६ च्या नियमांनुसार दाखल्यासाठी किमान तीन सदस्यांचं मंडळ लागायचं. तालुक्याच्या टोकाहून आलेला माणूस एक डॉक्टर रजेवर म्हणून परत जायचा. डिसेंबर २००९ मध्ये नियम सैल झाले. सहज दिसणाऱ्या अपंगत्वासाठी एका डॉक्टरची सही चालू लागली आणि महिन्याभरात दाखला द्यायचं बंधन आलं. महाराष्ट्रानं पुढे संगणकावरून दाखले देण्याची स्वतःची प्रणाली उभी केली. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९.६३ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यामुळे कागदी रजिस्टर पुरणार नव्हतंच. रांगही बदलत होती. जुन्या बोर्डांसमोर पोलिओची माणसं मोठ्या संख्येनं असायची. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आता मधुमेहानं पाय गेलेले, पक्षाघात झालेले आणि दुचाकीच्या अपघातातले लोक जास्त दिसतात.

१९ एप्रिल २०१७ पासून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागू झाला. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारतानं २००७ मध्ये मान्य केला होता, त्याला धरून हा कायदा आहे. प्रकार सातावरून एकवीस झाले. नोकरीत चार, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा झाल्या. मुख्य म्हणजे व्याख्या बदलली. दीर्घकाळची कमतरता आणि समाजातले अडथळे मिळून ज्याचा सहभाग अडतो ती दिव्यांग व्यक्ती, आणि या व्याख्येत टक्के नाहीत. पण त्याच कायद्यात शेजारी 'बेंचमार्क दिव्यांगत्व' बसवलं: पुन्हा ४० टक्के. आरक्षण आणि बहुतेक योजना या दुसऱ्या व्याख्येला बांधल्या. अंगात काय कमी आहे यावरून नजर हटवून अडथळ्यांकडे वळवायची, हे कायद्याचं म्हणणं होतं. बोर्डाच्या टेबलावर गोनिओमीटर आणि ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, आलेखच राहिला.

४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकवीस प्रकारांची मोजणी सांगितली. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापासून मिळू लागला, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया या रक्तविकारांना प्रथमच जागा मिळाली. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णासाठी ही मोठी गोष्ट होती, तरी अर्धीच. बोर्डाच्या दिवशी कळा नसतील तर तो धडधाकट दिसतो. आणि टक्के बसले तरी नोकरीतल्या आरक्षणाच्या कलमात रक्तविकारांचं नाव नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत घडामोडी वेगानं झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना हात आखडणाऱ्या एका स्पर्धा परीक्षार्थीच्या प्रकरणात सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. १ जून २०२१ पासून दाखला केंद्राच्या पोर्टलवरूनच मिळेल असं ठरलं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. मार्च २०२४ मध्ये मोजणीची तत्त्वं पुन्हा सुधारली.

जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर वादळ उठलं. बनावट दाखल्यांचा प्रश्न खरा आहे. पण त्या गदारोळानं प्रत्येक अर्जदाराकडे संशयानं पाहण्याला बळ दिलं, हेही तेवढंच खरं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीत दाखला देण्यासाठीची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली आणि दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डांना रंग आले: चाळीसच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून निळं. पांढऱ्या कार्डाचं एक बरं आहे, चाळीसच्या आतला माणूस निदान नोंदीत येतो. योजना मात्र पिवळ्यापासूनच सुरू होतात, आणि केंद्राची तीनशे रुपयांची दिव्यांग पेन्शन निळ्यापासून.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण होतं. वाचा-दिव्यांगत्व ४४-४५ टक्के, हवा होता एमबीबीएसचा प्रवेश. राखीव जागेसाठी किमान ४० हवेत आणि वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार ४० किंवा जास्त असतील तर अपात्र, अशी कोंडी होती. नुसत्या टक्क्यांवरून नाकारता येणार नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का हे मंडळानं तपासून लिहावं, असं न्यायालयानं १५ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं. आकड्यामागच्या माणसाकडे पाहण्याचं बंधन मंडळावर इतक्या स्पष्टपणे आलं, ते शिक्षणापुरतं. अनुदानाच्या रांगेत ते अजून पोचलेलं नाही.

तिथे अर्जदाराच्या हातात असलेलं साधन जुनंच आहे, अपील. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात ते दिलं आहे, आणि दाखला नाकारायचा तर कारणासह लेखी कळवण्यासाठी २०१७ च्या नियमांत नमुना ८ आहे. 'बसत नाही' असं तोंडी सांगून परत पाठवलेल्या माणसाकडे अपिलाला जोडायला कागदच नसतो. तो नमुना भरून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.