थेरपिस्टचा हेल आणि ऐकणाऱ्याचा कान

ज्या बाईंचे स्वतःचेच उच्चार परके वाटतात, त्या आमच्या मुलाचे उच्चार काय सुधारणार, असा प्रश्न दुसऱ्या भाषेत वाढलेल्या स्पीच थेरपिस्टच्या वाट्याला हमखास येतो. प्रश्न बिनतोड वाटत असला, तरी त्यात दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. वयानुसार यायला हवा असलेला ध्वनी न साधणे हा उच्चारदोष होय. पहिल्या भाषेची ध्वनिव्यवस्था दुसरी भाषा बोलताना डोकावणे हा हेल झाला, आणि तो आजारच नव्हे. काही दिवसांत हेल घालवून देण्याच्या जाहिराती या गल्लतीवरच पोसल्या जातात.

हेल मुळात ऐकू कसा येतो, हे पाहण्याजोगे आहे. मराठी 'प' उच्चारताना ओठ विलग झाल्यावर जवळजवळ लगेच स्वरतंतू कंप पावू लागतात. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणाऱ्या याच ध्वनीत मात्र मध्ये साधारण ६० मिलिसेकंद जातात आणि तेवढ्या वेळात हवेचा झोत बाहेर पडतो. इंग्रजी कान 'प' आणि 'ब' यांच्यातील सीमा या अवधीवरून आखतो. त्यामुळे मराठी वळणाने उच्चारलेले 'पिन' त्याला 'बिन' वाटू शकते.

ही सीमा दगडावर कोरलेली नसते, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. नॉरिस, मॅक्वीन आणि कटलर या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डच भाषकांना 'स' आणि 'फॅन'मधला 'फ' यांच्या अधलामधला एक संदिग्ध ध्वनी शब्दांच्या शेवटी ऐकवला होता. एका गटाने तो जिथे फक्त 'फ'च शोभेल अशा शब्दांत ऐकला, तर दुसऱ्याने जिथे 'स'च बसेल अशा शब्दांत. त्यानंतर सुटे ध्वनी ऐकवल्यावर पहिल्या गटाला संदिग्ध ध्वनी अधिक वेळा 'फ' वाटले आणि दुसऱ्याला 'स'. याचा अर्थ, ओळखीच्या शब्दाचा आधार मिळताच मेंदू, कोणी न सांगता, ध्वनीची सीमा बोलणाऱ्याकडे सरकवतो. क्लार्क आणि गॅरेट यांना २००४ मध्ये आढळले, की परक्या हेलातील वाक्ये समजून घेण्याचा सुरुवातीचा मंदपणा मिनिटभराच्या आतच कमी होऊ लागतो.

कान इतक्या लवकर सरावतो, पण मत तेवढ्या लवकर बदलत नाही. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवले होते, की ठळक हेलातील बोलणेही ऐकणाऱ्याला शब्दशः कळू शकते. तरीही लेव्ह-आरी आणि कायसार यांच्या २०१० च्या प्रयोगात सामान्य ज्ञानाची तीच विधाने परक्या हेलात ऐकू आल्यावर लोकांना कमी खरी वाटली; बोलणारा केवळ दुसऱ्याचा मजकूर वाचत आहे हे सांगूनही फरक पडला नाही. ऐकताना पडलेल्या श्रमांचा दोष मेंदू नकळत मजकुरावर ढकलतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. सल्ला देणे हेच ज्याचे काम, त्या थेरपिस्टला याची झळ अधिक बसते.

मग थेरपिस्टकडून नेमकी अपेक्षा कशाची करावी? अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९८ साली यावर भूमिका घेतली. निदान व उपचाराचे ज्ञान असेल आणि शिकवायचा ध्वनी करून दाखवता येत असेल, तर केवळ हेलामुळे कोणाला अपात्र ठरवू नये, असा तिचा आशय आहे. समजा, इंग्रजी बोलणारे मूल 'थिंक'ऐवजी 'फिंक' म्हणते. मराठी मातृभाषा असलेली थेरपिस्ट एरवी गप्पांमध्ये 'थिंक'मधला पहिला ध्वनी आपल्या 'थ'सारखा अडवून उच्चारत असेल. पण उपचाराच्या वेळी तिला जिभेचे टोक दातांच्या फटीत ठेवून श्वास न अडवता सोडून दाखवता आला पाहिजे, आणि मुलाचा चुकलेला व साधलेला उच्चार कानाने वेगळा ओळखता आला पाहिजे. हे तिला जमत नसेल, तर पालकांची शंका रास्त आहे आणि ती पूर्वग्रह म्हणून उडवून लावू नये.

शिवाय गिळण्याचे विकार, तोतरेपणा किंवा आवाजाच्या तक्रारी हाताळताना एखाद्या व्यंजनाचा आदर्श नमुना क्वचितच लागतो. खरी अडचण येते ती ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांबाबत आणि पक्षाघातानंतर वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने बोलणे व भाषा समजणे बिघडणे) झालेल्यांबाबत, कारण अनोळखी हेल समजून घेणे त्यांना अधिक जड जाते. अशा रुग्णासमोर थेरपिस्टने सावकाश बोलावे, चेहरा उजेडात ठेवावा आणि महत्त्वाचा शब्द कागदावर लिहून पुढे सरकवावा.