बर्फावरचं पाणी झिरपत का नाही?

मागे डोंगर, समोर निळंशार पाणी आणि त्या पाण्यातून स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी, ओढत निघालेली कुत्री. ग्रीनलंडचा हा फोटो अजूनही अधूनमधून व्हॉट्सॲपवर येतो. सोबत मजकूर असतो: ध्रुव वितळला, कुत्री समुद्रावरून चालली! मग कुणी त्याला बनावट ठरवतं, तर कुणी प्रलयाची नांदी. फोटो शंभर टक्के अस्सल आहे. त्यात जे दिसतं असं लोकांना वाटतं, ते मात्र त्यात नाही.

१३ जून २०१९ रोजी डॅनिश हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ स्टेफेन ओल्सेन यांनी तो टिपला. जागा वायव्य ग्रीनलंडमधली, कानाक गावाजवळचा इंगलफील्ड फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. समुद्रात सोडलेली मोजमापाची उपकरणं आणि बर्फावरचं हवामान केंद्र परत आणायला ते स्थानिक शिकाऱ्यांबरोबर निघाले होते. कुत्र्यांच्या पायाखाली सुमारे १.२ मीटर जाडीचा समुद्री बर्फ शाबूत होता. त्यावर साचलं होतं ते वितळलेलं पाणी.

मग बर्फ दिसत का नाही? पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परावर्तित होतो आणि तळ दिसतो. स्लेजवर बसल्या उंचीवरून दूर पाहताना नजर पाण्याला जवळजवळ समांतर जाते. तेव्हा निम्म्याहून जास्त प्रकाश परतू शकतो. पाण्यात आकाश उमटतं आणि तळ लपतो.

खरी गंमत पुढे आहे. एवढं पाणी खाली समुद्रात झिरपून का गेलं नाही?

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठतं. गोठताना मिठाला बर्फाच्या स्फटिकात जागा मिळत नाही, त्यामुळे अतिखारट द्रावणाचे बारीक कप्पे बर्फात अडकून राहतात. कडाक्याच्या थंडीत हे कप्पे आक्रसलेले आणि एकमेकांपासून सुटे असतात. बर्फ जरा तापला की कप्प्यांच्या भिंती वितळतात, कप्पे रुंदावतात. द्रावण एकूण आकारमानाच्या ५ टक्क्यांवर गेलं की कप्पे एकमेकांना जोडले जाऊन वरपासून खालपर्यंत वाटा तयार होतात. दर हजारी ५ भाग क्षार असलेल्या बर्फात हे घडतं उणे ५ अंशांच्या आसपास. म्हणून अभ्यासक याला पाचाचा नियम म्हणतात.

या हिशेबाने जूनमधला बर्फ पाझरायलाच हवा. पण वर साचलेलं पाणी वितळलेल्या हिमाचं, म्हणजे गोडं. ते शून्य अंशालाच गोठतं. बर्फाच्या आतलं तापमान अजून उणे एकाच्या आसपास असेल, तर तिथलं खारट द्रावण द्रवरूपच राहतं, पण त्याच वाटेने उतरणारं गोडं पाणी मात्र आत शिरता शिरता गोठतं आणि वाट बुजवतं. मोरीत अडकलेल्या बोळ्यासारखं! फरक इतकाच, की इथे बोळा पाण्याचाच असतो. आतला बर्फ आणखी तापेपर्यंत पाण्याला खाली जायचे मोठे मार्ग म्हणजे भेगा आणि सीलांनी श्वास घेण्यासाठी राखलेली भोकं. ओल्सेन यांनी स्वतःच नोंदवलं होतं, की त्या भागातला बर्फ फारसा पाझरणारा नव्हता, त्याला भेगाही थोड्याच होत्या, आणि वितळणं झपाट्याने झालं होतं. आदल्या दिवशी कानाकला पारा १७.३ अंशांवर गेला होता.

अशा डबक्यांची काळजी वाटायला हवी ती वेगळ्याच कारणाने. हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवतो. डबकं साचलं की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. बर्फ जास्त ऊन शोषतो आणि अधिक वेगाने वितळतो.

प्रलयवाल्यांनी शाळेतला आर्किमिडीज आठवावा. तरंगता समुद्री बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. ती वाढते जमिनीवरच्या बर्फाने, आणि ग्रीनलंडवर तो इतका आहे की सगळा वितळला तर जगभरचे समुद्र ७ मीटरहून अधिक चढतील. पण एका उष्ण आठवड्याच्या फोटोवरून ते सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच जागेचे जुने फोटो लागतात. १९३०च्या दशकात डॅनिश मोहिमांनी विमानातून काढलेली छायाचित्रं अशीच कामी आली. २०१२ मध्ये आग्नेय ग्रीनलंडमधल्या १३२ हिमनद्यांची त्यांच्याशी तुलना झाली, तेव्हा दिसलं की जमिनीवर संपणाऱ्या अनेक हिमनद्या १९३०च्या दशकातच अधिक वेगाने मागे हटल्या होत्या, तर समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांची माघार २००० नंतर जास्त वेगाने झाली. हे गुंतागुंतीचं उत्तर व्हॉट्सॲपच्या दोन ओळींत मावत नाही.

ओल्सेन ज्या उपकरणांसाठी गेले होते, तशाच उपकरणांची, समुद्रतळाशी नांगरून पाण्यात उभी ठेवलेली एक साखळी भारताचीही आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातल्या कॉंग्सफ्योर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' नांगरली गेली. पाण्याचं तापमान आणि क्षारता ती वेगवेगळ्या खोलीवर वर्षभर नोंदवत राहते, अगदी ध्रुवीय रात्रीतही, जेव्हा कॅमेऱ्याला तिथे काहीच दिसत नाही.