इंट्राडे व्यवहारातील ऑर्डरच्या चुका

घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणे, किंवा आधी विकून त्याच दिवशी परत घेणे, याला इंट्राडे म्हणतात. ऑनलाइन ब्रोकरमार्फत असा सौदा करताना द्यायची होती ती ऑर्डर आणि बाजारात प्रत्यक्ष लागलेली ऑर्डर यांत पडणारा फरक म्हणजे ऑर्डरची चूक. भावाचा अंदाज चुकून होणारा तोटा यात मोडत नाही. बटण दाबले म्हणजे सौदा झाला असे धरून चालणे, हेच बहुतेक वेळा या चुकांचे मूळ असते.

नाशिकमधून दिलेली ऑर्डर आधी ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी खात्यात लागणारी रक्कम, तपासले जाते आणि मगच ती मुंबईतल्या एक्स्चेंजकडे, म्हणजे शेअर बाजाराकडे, पोचते. नाशिक-मुंबई अंतर इंटरनेटला काही मिलिसेकंदांचे. उशीर होतो तो कमी रेंजमुळे, आणि सकाळी ९:१५ ला बाजार उघडताच ब्रोकरच्या सर्व्हरवर उडणाऱ्या झुंबडीमुळे. रेल्वेने मुंबईला जाताना इगतपुरीनंतर कसारा घाटातले बोगदे लागतात. तिथे रेंज जाते, म्हणून त्या पट्ट्यात पोझिशन, म्हणजे अजून न मिटवलेला सौदा, उघडी ठेवू नये. वळवाच्या पावसात वीज गेली की फोन चालू राहतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो. राउटरला लहान यूपीएस आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम एवढी तयारी हवीच.

रेंज गेल्यावर होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे दुबार ऑर्डर. स्क्रीनवर चक्र फिरत राहते, उत्तर येत नाही. ऑर्डर मात्र एक्स्चेंजला पोचून लागलेलीही असू शकते. अडकलेली असते ती फक्त परतीची पोच. अशा वेळी दुसऱ्यांदा बटण दाबले तर १०० ऐवजी २०० शेअर गळ्यात पडतात. आधी ॲपमधली ऑर्डर बुक (दिलेल्या ऑर्डरींची यादी) आणि पोझिशन ताजे करून पाहावे. ॲप उघडतच नसेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून ब्रोकरच्या वेबसाइटवर लॉगइन करावे, तेही जमले नाही तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला (फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या विभागाला) फोन करावा. तो नंबर बाजार उघडण्याआधीच कागदावर लिहिलेला असावा.

स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मर्यादेत ठेवण्यासाठी आधीच लावलेली ऑर्डर. तिच्याबद्दलचे गैरसमज मोठे आहेत. समजा ५०० रुपयांना १०० शेअर घेतले आणि ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ४९५, लिमिट (याहून कमी भावाला विकायचे नाही) ४९४.५० अशी विक्रीची ऑर्डर लावली. भाव ४९६ वरून थेट ४९२ वर उडी मारून आला, तर ट्रिगर लागतो, पण ४९४.५० ला घेणारा कुणी नसल्याने ऑर्डर तशीच पडून राहते आणि तोटा वाढत जातो. म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांत शेअरच्या चढउताराला साजेसे अंतर ठेवावे लागते. मार्केट स्टॉपलॉसमध्ये, म्हणजे लिमिट न ठेवता मिळेल त्या भावाला विकण्यात, सौदा सहसा होतो, पण भाव हाती राहत नाही. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तो बराच खाली लागू शकतो. याच्या उलट चूक म्हणजे पोझिशन हाताने बंद केल्यावर जुना स्टॉपलॉस रद्द करायचा राहणे. तासाभराने तो लागतो आणि नको असलेली शॉर्ट पोझिशन (हातात नसलेले शेअर विकल्याची) तयार होते.

सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव चढण्या-उतरण्याची ठरलेली मर्यादा, लागलेल्या शेअरमध्ये ऑर्डर बरोबर असूनही उपयोग होत नाही. शॉर्ट केलेल्या शेअरला वरचे सर्किट लागले की विकणारा उरत नाही. ३:३० पर्यंत शेअर परत घेता आला नाही, तर सौदा लिलावात जातो, म्हणजे एक्स्चेंज ते शेअर बोली लावून दुसऱ्याकडून घेते, आणि भावातला फरक व दंड खात्यातून कापला जातो. इंट्राडेऐवजी डिलिव्हरीचा (शेअर खात्यात ठेवण्याचा) पर्याय निवडला गेला, तर बाजार बंद होण्याआधीचा ब्रोकरचा आपोआप स्क्वेअर ऑफ (पोझिशन मिटवणे) त्या सौद्याला लागू होत नाही.

नग किंवा भाव चुकीचा टाकण्याची चूक व्यावसायिकांकडूनही होते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका ब्रोकर कंपनीच्या ६५० कोटी रुपयांहून अधिकच्या चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी हा निर्देशांक क्षणात ९०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि व्यवहार थांबले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी बिघाड खुद्द एनएसई या एक्स्चेंजमध्ये झाला. ११:४० ला थांबलेला बाजार ३:४५ ला पुन्हा सुरू झाला, पण तोवर अनेक ब्रोकरांनी ग्राहकांच्या पोझिशन बीएसई या दुसऱ्या एक्स्चेंजवर बंद करून टाकल्या होत्या.

ग्राहकाने स्वतः चुकीची दिलेली ऑर्डर एकदा लागली की ती मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. सौदा रद्द करण्याची विनंती एक्स्चेंजकडे ब्रोकरमार्फतच करावी लागते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१५ च्या नियमांनी त्यासाठी साधारण ३० मिनिटांची मुदत आणि किमान १ लाख रुपयांचे शुल्क ठरवले. दोष ब्रोकरच्या यंत्रणेचा असेल तर ऑर्डर क्रमांक, वेळ दिसणारे स्क्रीनशॉट आणि कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती) जोडून त्याच दिवशी ब्रोकरकडे लेखी तक्रार नोंदवावी. दाद न मिळाल्यास सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर आणि पुढे स्मार्ट ओडीआर या वाद सोडवणाऱ्या पोर्टलवर ऑनलाइन जाता येते. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.