सुवा तलावावरची देवाची वाट उमटते कशी?

जपानच्या सुवा तलावाचे फोटो दर हिवाळ्यात फिरतात. गोठलेल्या तलावावर या काठापासून त्या काठापर्यंत नागमोडी उभा राहिलेला बर्फाचा बांध, आणि खाली हमखास कोणीतरी लिहितं की पाणी गोठताना फुगतं म्हणून असं होतं. हे अर्धंच खरं आहे.

तलाव नागानो प्रांतात. शिंतो या जपानच्या मूळ धर्मातली श्रद्धा अशी की ताकेमिनाकाता देव गोठलेल्या तलावावरून पलीकडच्या देवीला भेटायला जातो आणि ही वाट उमटते, तिला ओमिवातारी म्हणतात.

आता सगळ्यात भारी भाग. पाणी गोठताना फुगतं, पण एकदा बर्फ झाला की तो बाकी घन पदार्थांसारखाच थंडीत आकसतो. रात्री पारा उणे १० पर्यंत उतरला की अख्खी चादर आकसून तडकते. एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४ किलोमीटरची चादर आणि १० अंश धरले तर २ मीटर होतात! अर्थात बर्फाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, ती शून्यालाच राहते, त्यामुळे सरासरी निम्मी धरा, तरी १ मीटर. त्या भेगांत पाणी चढतं, तेही गोठतं, भेगा बुजतात. दिवसा ऊन लागलं की चादर पसरायला बघते आणि जागाच नसते, रुळांत फट ठेवली नाही तर उन्हाळ्यात रूळ वाकतात तसंच, मग बर्फ मोठा आवाज करत फुटून वर उचलला जातो.

तलाव कधी गोठला याच्या नोंदी १४४३ पासून आहेत आणि पुढे देवळाच्या पुजाऱ्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. तारखा जुन्या पंचांगातल्या, त्या आजच्या कॅलेंडरवर आणायच्या म्हणजे इतिहास आणि भाषेच्या अभ्यासकांशिवाय हवामानवाल्यांचं पान हलत नाही. २०१६ साली या नोंदींवर पेपर आला, त्यात दिसतं की पहिल्या २५० वर्षांत तलाव फक्त ३ हिवाळे गोठला नव्हता, आणि २००५ ते २०१४ या १० वर्षांतच ५ वेळा.

पुजारी भेगांची दिशा बघून पिकाचं भाकीतही सांगतात, त्याला विज्ञानात काही आधार नाही. म्हणून काही लोक सगळं बाड अंधश्रद्धा म्हणून फेकतात, तर काही जण म्हणतात पूर्वजांना क्लायमेट चेंज आधीच माहीत होता. दोन्ही चूक. पुजाऱ्यांना प्रसरणाचं गणित माहीत नव्हतं, पण तलाव गोठला नाही तर तेही त्यांनी लिहून ठेवलं, आणि संशोधकांना नेमकी तीच नोंद लागते.