संगीत न शिकणाऱ्यांचा संगीताचा तास : मुंबईतली पार्श्वभूमी

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला आता पदवीच्या अभ्यासातच संगीताचा एखादा विषय घेता येतो, अर्थात कॉलेजने तो ठेवला असेल तर. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे आवडीने निवडायचा विषय, स्वतःची शाखा सोडून दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागतं. दोन क्रेडिटचा असा विषय म्हणजे तीस तास. तीस तासांत गळा तयार होत नाही की तबल्यावर हात बसत नाही. ऐकायला शिकणं तेवढं जमण्यासारखं असतं. मग घरचे विचारतात, गाता-वाजवता येणार नसेल तर हा विषय घ्यायचा कशाला?

मुंबईत हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे. त्याची उत्तरं शोधणाऱ्यांत वकील होते, चार्टर्ड अकाउंटंट होते, वर्तमानपत्राचे संपादक होते. पोट संगीतावर नसलेल्या माणसांनीच या शहरात संगीत समजून घेण्याच्या वाटा पाडल्या. आजच्या या विषयात जे चांगलं आहे आणि जे अडतं, ते दोन्ही त्यांच्याकडूनच आलेलं आहे.

१८७० साली ‘रास्त गोफ्तार’चे संपादक आणि नाटककार कैखुश्रू काबराजी यांनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली. तोवर चांगलं गाणं ऐकायचं तर एखाद्या शेटजींच्या दिवाणखान्यात वर्णी लागावी लागे, नाहीतर व्यवसायाने गाणाऱ्या बाईंच्या बैठकीला जावं लागे. कचेरीत जाणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या माणसाला यातलं पहिलं परवडणारं नव्हतं आणि दुसरं उघडपणे करता येत नव्हतं. मंडळीने हौशी माणसाला गाणं ऐकायला आणि शिकायला चारचौघांत सांगता येईल अशी जागा दिली. १८८४ मध्ये वाळकेश्वरचा एक कॉलेजात जाणारा तरुण तिथे सभासद झाला. पुढच्या वर्षी तो एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाला, १८८७ मध्ये एलएल.बी. ते विष्णू नारायण भातखंडे.

भातखंड्यांनी काही काळ वकिली केली, पण खरा ध्यास वेगळाच होता. मंडळीत येणाऱ्या उस्तादांकडून शेकडो चिजा, म्हणजे रागांतल्या बांधीव रचना, घ्यायच्या, जुने ग्रंथ शोधत देशभर हिंडायचं, आणि एकच राग दोन गवई वेगळा का गातात याचा उलगडा मागायचा. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले तेही ग्रंथ आणि विद्वान शोधत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो सगळा गुरू-शिष्यांच्या संवादात लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतात, गुरुजी उत्तर देतात, शिष्य पुन्हा अडवतात. गाणं येणाऱ्याइतकाच तो ग्रंथ गाणं समजून घेऊ पाहणाऱ्यासाठी आहे, हे आपण विसरतो. मला तर रसास्वादाच्या, म्हणजे जाणतेपणाने ऐकायला शिकवणाऱ्या, वर्गाचं मराठीतलं पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवावंसं वाटतं.

त्यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा साच्यांत, विभागणी केली. नवख्याला तिचा मोठा आधार होतो, पण त्याच आधाराने फसगतही होते. भूप आणि देसकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. कागदावर फरक दिसत नाही. भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला. भूप खालच्या आणि मधल्या अंगाने फिरतो, देसकार वरच्या अंगाने चालतो. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देसकार बिलावल थाटात. म्हणजे स्वरांच्या यादीत राग मावत नाही, हे खुद्द यादी करणाऱ्यालाच माहीत होतं. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचीही तीच गोष्ट: स्वर तेच, पण मारव्यात कोमल रिषभावर जीव टांगलेला राहतो, पूरियात गंधार-निषाद सावरून धरतात आणि सोहनी तारसप्तकात झगमगते. पुढे शिकवणाऱ्यांच्या हातून याद्या तेवढ्या उरल्या. थाट कोणता, वादी (रागातला मुख्य स्वर) कोणता, वेळ कोणती, एका वाक्यात उत्तर द्या. वर्षानुवर्षं मुलांनी हे पाठ केलं आणि भूप-देसकार शेजारी शेजारी ठेवून ऐकले मात्र नाहीत.

दुसरी वाट विष्णू दिगंबर पलुसकरांची. १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची शाखा त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत काढली. वर्ग, वेळापत्रक, वह्या, परीक्षा, प्रार्थना असा शाळेचा सगळा साज त्यांनी गाण्याला चढवला आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना गाण्याच्या वर्गात बसणं शक्य केलं. मुंबईतल्या इमारतीचं कर्ज त्यांना पेललं नाही आणि ती हातची गेली. १९३१ मध्ये ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी दादर-पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत घराघरांत पोचली. पण ती गाणाऱ्याची शिडी होती. नुसतं ऐकणाऱ्याला तिच्यावर पायरी नव्हती.

या दोघांच्या थोरवीबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना, ज्यांनी ते जपलं होतं त्यांना शहराने दाराबाहेर ठेवलं. मुरादाबादकडून येऊन भेंडीबाजारात राहिलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ यांच्याकडे विद्या होती. नझीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही होती. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली, ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण शालेय पुस्तकांत उस्ताद आणि बाई यांच्या वाट्याला ओळ-दोन ओळी आल्या. रसास्वादाच्या वर्गात हा भाग गाळला तर विद्यार्थ्यांच्या कानावर ठुमरी पडते, पण ती कोणी जगवली हे कळत नाही.

मग वर्गाबाहेर मुंबईकर ऐकायला शिकला कुठे? सगळ्यात आधी नाटकात. ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आलं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ज्याला यमन, बिहाग ही नावंही ठाऊक नव्हती असा प्रेक्षक त्या रागांच्या वळणांना टाळ्या देऊ लागला. नाट्यपदाने रागाला शब्द आणि प्रसंग दिला, आणि नवख्या कानाला एवढाच आधार पुरतो. शिवाय गिरगावात लक्ष्मीबागेतल्या बैठका होत्या, गणेशोत्सवातलं गाणं होतं. ऑपेरा हाउसजवळ बी. आर. देवधरांचं विद्यालय होतं. तिथेच लहानगे कुमार गंधर्व शिकायला आले. देवधरांना पाश्चात्त्य संगीतातही रस होता आणि सगळ्या घराण्यांच्या गवयांना त्यांच्याकडे मोकळं दार होतं. त्यामुळे तिथे येणाऱ्याला घराणी शेजारी शेजारी ठेवून ऐकायची सवय लागे. १९२७ मध्ये मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि ग्रामोफोन तर त्याच्या आधीपासून होताच.

ग्रामोफोनमुळे ऐकण्याची जात बदलली. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासाभराचा ख्याल, म्हणजे रागाचं विस्ताराने केलेलं गायन, तेवढ्यात बसवायचा म्हणजे विस्तार गेला, पण बंदिशीचं तोंड, दोन-चार आलाप आणि निवडक ताना लख्ख समोर आल्या. आणि मुख्य म्हणजे तेच पुन्हा ऐकता आलं. मैफलीत निसटलेली जागा परत येत नाही. तबकडीवर ती दहा वेळा ऐकून समजून घेता येते. ऐकण्याचा अभ्यास वर्गात होऊ शकतो तो या एका सोयीमुळे.

‘म्युझिक अप्रीसिएशन’, म्हणजे संगीताचा रसास्वाद, हा विषय पाश्चात्त्य देशांत उभा राहिला तोही याच काळात. इंग्लंडमध्ये स्ट्युअर्ट मॅक्फर्सन यांनी १९१० मध्ये आणि पर्सी स्कोल्स यांनी १९१९ मध्ये सामान्य श्रोत्यासाठी पुस्तकं लिहिली. अमेरिकेत वॉल्टर डॅम्रॉश १९२८ ते १९४२ या काळात रेडिओवरून शाळकरी मुलांना वाद्यवृंद समजावून सांगत. या कार्यक्रमावर तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी कडक टीका केली: मुलं सुरावट ओळखायला आणि संगीतकारांना देव मानायला शिकतात, संगीताची आतली बांधणी मात्र त्यांना कळत नाही. मला ही टीका आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडते असं वाटतं. राग ओळखला की ऐकणं संपलं, असं मानणारे श्रोते मुंबईत भरपूर आहेत. पहिल्या मिनिटाला शेजाऱ्याच्या कानात रागाचं नाव सांगून ते मोकळे होतात.

मराठीत या पलीकडे जाणारं लेखन झालं आणि ते मोठ्या योग्यतेचं आहे. केशवराव भोळे वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईत आले होते, ते संगीतात रमले आणि ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गायकांवर लिहिलं. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ चा. आणि १९६१ मध्ये वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ आलं. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी श्रोत्याच्या हातात एक पट्टीच दिली: एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, आणि प्रत्येक घराणं या दोहोंमध्ये कुठे उभं आहे ते पाहायचं. किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर मध्यावर तोल सांभाळून. या मांडणीवर वाद होऊ शकतात, झालेही. पण गाण्याचा एकही तास न घेतलेला माणूस ती हातात घेऊन आज संध्याकाळी दोन गायक ऐकू शकतो, फरक स्वतःच्या कानाने तपासू शकतो. रसास्वाद शिकवायचा तो असा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. संगीताला तिथे स्वतंत्र जागा मिळायला शंभरावर वर्षं लागली. १९६८ ते १९८३ या काळात विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते डॉ. अशोक दा. रानडे. कायदा आणि साहित्य शिकलेला, स्वतः गाणारा आणि आवाजाच्या शास्त्रावर काम करणारा हा माणूस. ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ १९७१ चं, ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५ चं. रानड्यांनी संगीताच्या कोटी, म्हणजे वर्ग, मांडल्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन, पुढे संगम ही सहावी. वरवर पाहता हे वर्गीकरण, पण त्याने प्रश्नच बदलला. तोवर संगीत समजणं म्हणजे रागसंगीत समजणं. बाकी सगळं ‘सुगम’ किंवा ‘हलकंफुलकं’. रानड्यांच्या मांडणीत कुठलीच कोटी दुसरीची कच्ची आवृत्ती ठरत नाही. प्रत्येकीचा हेतू, श्रोता आणि प्रसंग निराळा असतो आणि तिला तिच्याच मापाने ऐकायचं असतं.

मुंबईसाठी याचा अर्थ फार मोठा होता. लालबागच्या हनुमान थिएटरातली लावणी, गिरणगावात शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गाजवलेले पोवाडे आणि गाणी, वारकऱ्यांचं भजन, कोळीगीतं, स्टुडिओत शंभर वादक बसवून केलेलं सिनेसंगीत, हे सगळं अभ्यासाच्या टप्प्यात आलं. रानडे हे नुसतं लिहून थांबले नाहीत. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे विषय घेऊन त्यांनी निवेदन आणि गाणं एकत्र गुंफलेले कार्यक्रम रंगमंचावर केले. तिकीट काढून आलेला प्रेक्षक दोन-अडीच तासांत एका संगीतप्रकाराचा अभ्यासच करून बाहेर पडे.

विद्यापीठाबाहेरही त्या काळात बरंच घडत होतं. एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, १९६९ मध्ये सुरू झालं. सेंट झेवियर्समध्ये विद्यार्थ्यांच्या इंडियन म्युझिक ग्रुपने ध्वनिमुद्रणांचा संग्रह केला आणि ‘जानफेस्ट’ या मैफली कॉलेजच्या चौकात भरवल्या. एसएनडीटी महिला विद्यापीठात गायिका डॉ. प्रभा अत्रे यांनी संगीत विभाग सांभाळला. त्यांची स्वतःची पहिली पदवी विज्ञानाची, मग कायद्याची. १९७७ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या स्पिक मॅके या संस्थेने मोठे कलाकार थेट कॉलेजांत नेले. ऐकू इच्छिणाऱ्या पोराला गुण नव्हते, हजेरी नव्हती, तरी वाट होती.

आता गुण आहेत, हजेरीही आहे, म्हणून जुन्या अडचणी नव्याने पुढे आल्या आहेत. लेक्चर अठ्ठेचाळीस मिनिटांचं. हजेरी घेऊन, स्पीकर जोडून उरतात चाळीस. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तेवढ्यात पुरता उलगडत नाही. शिकवणारे बहुधा गाणारे असतात आणि गाणाऱ्याला शिकवायचं ते अलंकारांपासून, म्हणजे स्वरांच्या सरावाच्या पलट्यांपासून, ही त्यांची सवय पलुसकरांच्या परंपरेतून आलेली. प्रश्नपत्रिका काढायची वेळ आली की भातखंड्यांच्या याद्या हाताशी असतात. या दोन्हींना वेळीच आवर घातला नाही तर रसास्वादाच्या नावाखाली प्रारंभिकचाच अभ्यासक्रम पुन्हा चालू होईल.

माझं मत असं की तीस तासांत चार-पाचच राग घ्यावेत. प्रत्येक राग आधी नाट्यपदात ऐकवावा, मग जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीत, मग एक सबंध ख्याल, जोड तास घेऊन, मध्ये न थांबवता. किमान सहा तास रागाच्या बाहेरच्या संगीताला द्यावेत आणि त्यांतला एक तरी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या चाळीतल्या, वाडीतल्या गाण्याला. परीक्षेत राग ओळखायला न सांगता दोन ध्वनिमुद्रणं ऐकवून फरक लिहायला सांगावा, साध्या मराठीत, पारिभाषिक शब्द नसले तरी चालतील. आणि प्रत्येकाने एक मैफल प्रत्यक्ष ऐकलेली असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दादर, माटुंगा, पार्ले, नरिमन पॉइंट यांपैकी कुठे ना कुठे गाणं असतंच, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो.