क्वार्लो कोण आणि ट्रेंट कोण?

‘टर्मिनेटर’ची कल्पना कुठून आली असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “जुन्या टीव्हीवर ती काचेच्या हाताची गोष्ट होती ना, तिच्यातून.” ही गल्लत फार रुळली आहे, म्हणून परवा ‘द आउटर लिमिट्स’ या विज्ञानकथा मालिकेचे ते दोन कृष्णधवल भाग मी लागोपाठ पुन्हा पाहिले. गल्लत व्हावी असंच सगळं आहे. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘सोल्जर’ दाखवला गेला १९ सप्टेंबर १९६४ रोजी आणि ‘डीमन विथ अ ग्लास हँड’ १७ ऑक्टोबरला, चारच आठवड्यांनी. दोन्हींचा लेखक हार्लन एलिसन. दोन्हींत भविष्यातलं युद्ध आणि तिथून आपल्या काळात आलेला एकटा जीव.

वाद झाला तो मात्र ‘सोल्जर’वरून. १९८४ साली ‘टर्मिनेटर’ आला, तेव्हा कल्पना उचलल्याचा आरोप करताना एलिसनने बोट ठेवलं ते याच भागावर. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एलिसनच्या लेखनाचा ऋणनिर्देश आला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला तो आरोप कधीच पटला नाही. काचेच्या हाताचा या भांडणाशी संबंध नाही.

‘सोल्जर’मधला क्वार्लो अठराशे वर्षांपुढचा पायदळी सैनिक. रणांगणावर दोन किरणांच्या कात्रीत सापडतो आणि आपल्या शहराच्या रस्त्यावर येऊन आदळतो. त्याला कुणी पाठवलेलं नाही, काही साधायचं नाही. त्याचा शत्रू काळाच्या मध्येच अडकलाय आणि हळूहळू इकडे सरकतोय. ‘डीमन’चा नायक ट्रेंट, त्याचं उलट आहे: त्याचं इथे असणं हाच एका प्रचंड योजनेचा भाग आहे. फक्त ती योजना त्यालाच ठाऊक नाही. त्याच्याकडे गेल्या दहा दिवसांच्याच आठवणी आहेत. काचेचा हात हा त्याचा संगणक. त्या हाताची तीन बोटं कायबेन नावाच्या परग्रहवासीयांच्या ताब्यात आहेत आणि ती बसवल्याशिवाय हात पुरती उत्तरं देत नाही.

‘सोल्जर’मधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट युद्धाची नाही, भाषेची आहे. पकडलेला क्वार्लो तेच ते अगम्य शब्द भराभर बडबडत राहतो. केगन नावाचा भाषाशास्त्रज्ञ कान देऊन ऐकतो आणि त्याला उमगतं, की ही इंग्रजीच आहे, पण शतकानुशतकं झिजलेली. सैनिक आपलं नाव, हुद्दा आणि क्रमांक सांगतोय. ‘प्राइट’ म्हणजे ‘प्रायव्हेट’. आपण ‘करतो आहे’चं ‘करतोय’ केलं, तीच झीज अठराशे वर्षं चालू राहिली तर काय होईल, याचा इतका नेमका विचार त्या काळच्या टीव्हीवर पाहून आजही अंगावर काटा येतो. मायकेल अन्साराने हा माणूस विलक्षण उभा केलाय. मांजर दिसल्यावर तो तिच्याकडून हुकमाची वाट पाहतो, कारण त्याच्या काळात मांजरं सैनिकांसाठी टेहळणी करतात आणि मनातल्या मनात बोलतात. आई म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही.

शेवट मात्र घाईचा आहे. शत्रू केगनच्या घरात घुसतो, दोघे भिडतात आणि नाहीसे होतात. क्वार्लोने त्या कुटुंबाला वाचवलं, की फक्त शिकवल्याप्रमाणे शत्रूला मारलं, हे निवेदक आपल्यावर सोडतो.

‘डीमन’मध्ये असा सैलपणा नाही. जवळजवळ सगळी गोष्ट लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये घडते. ही १८९३ सालची इमारत: मधला उंच चौक, लोखंडी जाळीचे जिने, उघड्या लिफ्ट. कृष्णधवल छायाचित्रणात त्या जाळ्यांच्या सावल्या पिंजऱ्यासारख्या पडतात. कायबेन इमारतीला अदृश्य कवच घालतात आणि मग एकेक मजला झुंज. त्यांच्या गळ्यातलं पदक ओढून काढलं की ते इथे टिकत नाहीत, परत आपल्या काळात फेकले जातात. ‘सोल्जर’मध्ये अपघात असलेला कालप्रवास इथे असा हाताने तोडता येणारा धागा आहे.

आणि मग तिन्ही बोटं बसल्यावर हात सांगतो: आक्रमकांसाठी पृथ्वीवर रोग पसरवून सात हजार कोटी माणसं लपली आहेत, ती सगळी ट्रेंटच्या छातीतल्या तारेवर साठवलेली आहेत, आणि तो स्वतः यंत्रमानव आहे. क्वार्लो माणूस असून त्याला माणूसपण शिकावं लागतं. ट्रेंट रॉबर्ट कल्पच्या चेहऱ्यावर इतका माणूस वाटतो, की हे ऐकताना आपल्यालाच धक्का बसतो. त्याच्यावर जीव जडलेली कॉन्सुएलो हे कळल्यावर निघून जाते. त्याच्यापुढे राखणीची बाराशे वर्षं उरतात.